काकी, दहा मिनिटं जरा बाहेर बसा की

दवाखान्यात केसपेपर काढताना मोबाईल नंबर विचारावा लागतो. सोबत सोळा-सतरा वर्षांचं पोर असलं तरी नंबर मिळतो तो वडिलांचा, फार तर आईचा. पोराला कुणी विचारत नाही आणि पोरगंही गप्प उभं असतं. मग त्याच नंबरवर सगळं जातं, रक्ताचा रिपोर्ट, सोनोग्राफी, पुढची तारीख, गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो. चार वर्षांच्या पोराचं ठीक आहे हो, पण अकरावीतल्या पोरीच्या पाळीचा रिपोर्ट आधी वडिलांच्या व्हॉट्सॲपवर उघडतो आणि तिला त्यात काय लिहिलंय ते जेवताना कळतं, हे मला दरवेळी खुपतं म्हणून आज लिहायला बसले.

मी कोल्हापुरात एका जनरल दवाखान्यात सिस्टर म्हणून कामाला आहे. केसपेपर, वजन, बीपी, इंजेक्शन, ड्रेसिंग, रिपोर्ट पाठवणं, सगळं माझ्याकडंच. खाली जे प्रसंग सांगतेय त्यातले तपशील मुद्दाम बदललेत, कुणाची ओळख पटू नये म्हणून, उगाच कुणी आपल्या शेजारणीवर लावून घेऊ नका.

आमच्याकडं पोर आणि आई आत गेले की काय होतं ते सांगते. आमच्या डॉक्टर मॅडम पोरीला विचारतात, पाळी शेवटची कधी आली? उत्तर आई देते. झोप लागते का? आई, "लागत्या की, धा वाजता उठत्या." पोटात नेमकं कुठं दुखतं? तर आई स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवते, हितं दुखतंय म्हणं हिच्या. पोरगी तोपर्यंत भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत असते. आई वाईट नाही बरं, ती रिक्षा करून, घरातलं आवरून, अर्धा दिवस मोडून आलेली असते, तिला वाटतं आपण नीट सांगितलं तर औषध नीट मिळेल. पण काही प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं आईला माहीतच नसतात. आणि आई शेजारी बसली असली की ती उत्तरं बाहेर येतच नाहीत.

आधी मॅडम युक्ती करायच्या. "काकी, जरा बाहेर सिस्टरकडं पत्ता नीट लिहून द्या," असं म्हणून आईला माझ्याकडं पाठवायच्या आणि मी पत्ता, पिनकोड, जुनी फाईल असं काहीतरी करत वेळ काढायचे. नंतर त्यांनीच ते बंद केलं, म्हणाल्या खोटं कशाला, सरळ सांगू. आता आल्याआल्या तिघांसमोर सांगतात की आधी आपण सगळे बोलू, मग मी हिच्याशी दहा मिनिटं एकटी बोलणार, मग परत सगळे बसू. आणि पोरीकडं बघून सांगतात, तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तुला त्रास देतंय असं मला दिसलं तर मी गप्प बसणार नाही, आईबाबांना सांगणार, बाकीचं तू सांग म्हणालीस तरच सांगेन. हे पहिल्यांदाच बोललेलं बरं असतं. आधी "कुणालाच सांगणार नाही" म्हणायचं आणि मग बापाला फोन करायचा, असं झालं तर ते पोर पुढं कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही.

निम्म्या आया उठतात. निम्म्या म्हणतात, "काय इचारायचं हाय ते माझ्यापुढंच इचारा, आमच्यात लपवाछपवी न्हाई."

लपवाछपवी नाही म्हणता, मग ह्या पोराचं काय ते सांगा. तालमीत राहून कुस्ती करणारा, बाहेरच्या तालुक्यातला, वय सोळा. त्याला वस्ताद घेऊन आले होते खांद्याला मार लागला म्हणून. खांदा बघताना मॅडमना मानेवर नायटा दिसला, विचारलं आणखी कुठं आहे का, तर नाही म्हणाला. वस्ताद बाहेर गेल्यावर कळलं की जांघेत सगळीकडं पसरलाय, आणि हा कित्येक महिने मेडिकलमधनं कुणीतरी सांगितलेली तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब लावतोय, ज्यात स्टिरॉइड असतं. लावलं की खाज थांबते म्हणून बरं वाटतं आणि आत बुरशी पसरतच जाते, कातडी पातळ होते, तिथं पांढरे लाल चरे उमटतात. त्याच्या पूर्ण जांघेवर तसले चरे होते. नायटा हा काय लपवायचा रोग आहे का? घामानं होतो, एकमेकांच्या लंगोट-टॉवेलनं होतो, तालमीत तर होणारच. पण त्याला वाटत होतं की हे "घाणेरडं" काहीतरी आहे, घरी कळलं तर तालीम सुटेल, वस्तादांना कळलं तर आखाड्यात उतरू देणार नाहीत. आखाड्याबाहेर काही दिवस राहावं लागलंच त्याला, आणि ते वस्तादांना सांगायचं कसं हे मॅडमनी त्याच्याशी बोलूनच ठरवलं. वस्तादांनी तर उलट सगळ्या पोरांना टॉवेल वेगळे करायला लावले. पण ही सुरुवात त्या दहा मिनिटांनी झाली, हे लक्षात घ्या.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त कडू आहे. सतरा वर्षांची पोरगी, पाळी तीन-तीन महिने येत नाही, तोंडावर पुरळ, वजन वाढलेलं. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं, म्हणजे हार्मोनच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास. रिपोर्ट वडिलांच्या नंबरवर गेला. वडिलांनी काळजीपोटी तो पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला, कारण त्यात एक भाचा फार्मसी शिकतो, त्याला विचारावं म्हणून. संध्याकाळपर्यंत इचलकरंजीच्या आत्यापासून पुण्याच्या मामीपर्यंत सगळ्यांना माहीत, आणि आत्याचा फोन, "आता लग्नाच्या वक्ताला काय सांगायचं?" वर आणखी भर म्हणजे मॅडमनी लिहिलेल्या हार्मोनच्या गोळ्या घ्यायला आई मेडिकलमध्ये गेली तर काउंटरवरचा पोरगा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मावशी, ह्या गर्भनिरोधक गोळ्या हैत, कुणाला पायजेत?" पीसीओडीत पाळी नियमित करायला त्याच गोळ्या देतात, हे जगभर चालत आलेलं औषध आहे. पण त्या घरात त्या रात्री काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. पोरीनं गोळ्या घेतल्या नाहीत. परत दवाखान्यात आली नाही.

ह्यात डॉक्टरनी आईबापांपासून काही लपवलं नव्हतं. आईबापांना माहीत असायलाच पाहिजे होतं, आणि होतं. पण आपल्याला कळलं म्हणजे सगळ्या खानदानाला सांगायचा परवाना मिळाला असं कसं? माझा मुद्दा हाच आहे. आपल्याकडं पालकांचा अधिकार म्हटलं की त्यात सगळं येतं, ठरवायचा अधिकार, जाणून घ्यायचा अधिकार, शेजारी बसायचा अधिकार आणि गावभर सांगायचाही. हे चार वेगळे अधिकार आहेत. पहिला बहुतेक वेळा आईबापांकडं असावा, मला मान्य आहे. दुसरा बऱ्याच वेळा. तिसरा दरवेळी नाही. चौथा कधीच नाही, पोरानं स्वतः होय म्हटल्याशिवाय.

कायदा काय म्हणतो हे लोक लगेच विचारतात, म्हणून मॅडमकडनं आणि माझ्या वकील मावसभावाकडनं नीट समजून घेतलं. आपल्याकडं १८७५ च्या कायद्यापासून सज्ञान म्हणजे १८ पूर्ण. १८७२ च्या करार कायद्यानं अज्ञानाला, म्हणजे अठराखालच्याला, करार करता येत नाही. डॉक्टरांसाठी २००२ चे आचारनियम आहेत, त्यात ऑपरेशनआधी अज्ञान पेशंटच्या पालकांची लेखी संमती घ्या असं आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात १८ खालच्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, १८ वरच्या बाईला फक्त तिची स्वतःची पुरते, नवऱ्याची पण नाही (हे अजून कित्येक नर्सिंग होममध्ये लोकांना पटत नाही, पण तो वेगळा विषय). मानसिक आजारांच्या २०१७ च्या कायद्यात अज्ञान मुलाचे प्रतिनिधी म्हणजे त्याचे पालकच. म्हणजे ठरवायचा अधिकार पालकांकडं, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

पण दुसरीकडं, बारा वर्षांखालच्या मुलानं दिलेली संमती ही संमतीच नाही असं जुन्या आयपीसीच्या, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या, कलम ९० मध्ये होतं, आणि नव्या न्याय संहितेत कलम २८ मध्ये तेच आलंय. मग बाराच्या वरच्याचं काय? साध्या तपासणीला तो स्वतः हो म्हणू शकतो असा अर्थ बरेच जण लावतात. बारा ते अठरा ही मधली सहा वर्षं अशी अधांतरी आहेत. आणि गंमत म्हणून नाही सांगत, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट आहे, एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यात आईबाप आजारी असलेल्या घरात बारा वर्षांवरचं समजदार भावंड, जे घर सांभाळतंय, ते धाकट्या भावंडाचं पालक म्हणून उपचाराची जबाबदारी घेऊ शकतं असं लिहिलंय. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोराला दुसऱ्याच्या औषधाचं कळतं हे आपल्याच संसदेनं मान्य केलंय. मग सोळाव्या वर्षी स्वतःच्या पोटदुखीबद्दल त्याला एकट्यानं चार वाक्यं बोलता येत नाहीत?

पालकांची सही लागते हे खरं. पण पालकांनी प्रत्येक प्रश्नाला खुर्चीवर बसून राहावं असं वर सांगितलेल्या एकाही कायद्यात नाही. आणि गोपनीयता पाळायचं बंधन डॉक्टरवर आहेच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की तो अठराव्या वाढदिवसालाच सुरू होतो.

एक ठिकाण मात्र आहे जिथं हे सगळं फार अवघड होतं आणि ते मी टाळणार नाही. पोक्सो, मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायचा २०१२ चा कायदा. अठराखालच्या मुलीचा शरीरसंबंध आला हे डॉक्टरला कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर डॉक्टरवरच गुन्हा. त्यात तिचं लग्न झालेलं असलं तरी सुटका नाही. कायदा कशासाठी आहे ते मला चांगलं कळतं, घरातल्याच माणसानं त्रास दिलेल्या पोरी मी बघितल्यात, तिथं हे बंधन पाहिजेच पाहिजे. पण सतरा वर्षांची पोरगी, वर्गातल्याच पोराबरोबर, दिवस गेलेत, तिला कुणीतरी सांगतं दवाखान्यात गेलीस तर पोलीस येणार, मग ती येतच नाही. कुठल्या तरी दुकानातनं गोळ्या आणते, रक्त जात राहतं, आणि येते ती पार पांढरीफटक पडल्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ह्यावर थोडी वाट काढली, की गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे? किती आयांना? मला वाटतं हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावलं पाहिजे, त्या लसीकरणाच्या तक्त्याशेजारी.

हा वाद फक्त आपल्याकडं आहे असं नाही. इंग्लंडमध्ये १९८० साली सरकारनं डॉक्टरांना कळवलं होतं की सोळाखालच्या मुलीला अपवाद म्हणून आईबापांना न सांगता संततिनियमनाचा सल्ला देता येईल. व्हिक्टोरिया गिलिक नावाची दहा मुलांची आई त्याविरुद्ध कोर्टात गेली. एका कोर्टात हरली, वरच्या कोर्टात जिंकली, आणि १९८५ मध्ये सगळ्यात वर, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, तीन विरुद्ध दोन अशी हरली. तिथं ठरलं ते असं की आईबापांचा अधिकार हा पोराच्या भल्यासाठी असतो, आणि पोराला त्या उपचाराची पूर्ण समज आली की तेवढ्यापुरता तो मागं सरतो. समज आहे का हे वयावर नाही, त्या पोराकडं आणि त्या उपचाराकडं बघून डॉक्टरनी ठरवायचं. पायाला टाके घालायला लागते ती समज वेगळी आणि मोठ्या ऑपरेशनला लागते ती वेगळी. मला त्या गिलिकबाईंचा राग येत नाही. दहा पोरांची आई आहे, तिला वाटणारच की माझ्या पोरीचं मला कळलं पाहिजे. पण कोर्टानं जे म्हटलं ते मला आपल्या कायद्यात लिहिलेलं हवंय, सरळ शब्दांत, बारा ते अठरासाठी.

"पोरगं आमचं, आम्ही बघू, तुम्ही कोण सांगणार," हे दवाखान्यात ऐकते तेव्हा मला आपल्या गावाचा इतिहास आठवतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जे आईबाप पोराला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे काय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तेव्हाही लोक म्हणाले असतीलच की पोर आमचं, त्यानं गुरं राखायची का शाळेत जायचं ते आम्ही ठरवू. महाराजांनी पोराचा हक्क आईबापाच्या मर्जीच्या वर ठेवला. आज आपण दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालतो. मग त्याच गावात पोराच्या अंगाबद्दल त्याला स्वतःला बोलू द्या म्हटलं की एवढं का टोचतं?

बापांची एक शंका मात्र अगदी रास्त असते. माझ्या भावानंच विचारलं होतं, "पुरुष डॉक्टर असला तर पोरगीला एकटी आत सोडायची व्हय गं आक्का?" नाही सोडायची. बोलणं वेगळं आणि अंगाला हात लावून तपासणं वेगळं. तपासताना बाई असलीच पाहिजे खोलीत, सिस्टर असो, आई असो, पोरगी म्हणेल ती. बोलताना दार अर्धं उघडं ठेवा, बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही असं. हे मागायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे आणि जो डॉक्टर ह्याला नाक मुरडेल त्याच्याकडं परत जाऊ नका.

आणि दुसरी भीती, पोरगं जिवाचं काही बरंवाईट करून घेईल आणि आम्हाला कळणारही नाही. ही भीती मी समजू शकते, बारावीच्या रिझल्टच्या दिवसांत आम्ही सगळेच दबकून असतो. पण म्हणूनच तर ती दहा मिनिटं पाहिजेत. "जगावंसं वाटत नाही" हे वाक्य कुठलंच पोर आई शेजारी बसलेली असताना बोलत नाही. ते एकट्यात बोललं की मॅडम लगेच आईबापांना आत घेतात, ते लपवत नाहीत, कधीच नाही.

माझी पोरगी अकरावीत आहे. मागं तिला सारखं चक्करल्यासारखं व्हायचं, मी म्हटलं चल माझ्याबरोबर मॅडमकडं. तर म्हणाली, "तिथं नको, तिथं माझा केसपेपर तूच काढणार, रिपोर्ट तूच उघडणार." बरोबर होतं तिचं. दुसऱ्या दवाखान्यात नेलं, मी बाहेर बाकावर बसले, आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मला कससंच झालं खरं सांगते, की ही डॉक्टरशी हसून बोलते आणि माझ्याशी नाही. नंबर तिचा दिला. संध्याकाळी तिनंच येऊन रिपोर्ट दाखवला, हिमोग्लोबिन कमी, आणि आत काय बोलणं झालं त्यातलं थोडं सांगितलं. सगळं नाही सांगितलं. मी विचारलं नाही.

आता आमच्या दवाखान्यातला केसपेपर बदललाय. नंबरचे दोन रकाने आहेत, पालकांचा आणि पेशंटचा, आणि रिपोर्ट कुठल्या नंबरवर पाठवायचा ते तेरा वर्षांवरच्या पोराला मी स्वतः विचारते, आईबापांसमोरच विचारते. कुणी दोन्हीवर म्हणतं, कुणी फक्त आईच्या म्हणतं, बरेच जण सांगतात आधी मला पाठवा मग मी दाखवतो. एक-दोन वडील चिडले, बाकी कुणाला फार काही वाटलं नाही. रिपोर्टच्या मेसेजखाली आता एक ओळ असते, हा रिपोर्ट ग्रुपवर टाकू नये. ती वाचून किती जण थांबतात कोण जाणे पण दोन आया म्हणाल्या की बरं झालं लिहिलं, आम्ही टाकणारच होतो.

पोरापोरींपैकी कुणी हे वाचत असेल तर, डॉक्टरला "मला जरा एकट्यानं बोलायचंय" असं म्हणता येतं. तेवढं वाक्य पुरतं, कारण सांगावं लागत नाही. सरकारी दवाखान्यांत दहा ते एकोणीस वयासाठी मैत्री क्लिनिक असतात, २०१४ पासूनच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातले, तिथं समुपदेशक असतात आणि पैसे लागत नाहीत, आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कुठल्या वारी असतं ते केसपेपरच्या खिडकीवर विचारा. मनाचं काही असेल तर १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. घरातलं किंवा बाहेरचं कुणी त्रास देत असेल तर १०९८.